बुरशीच्या धाग्यातील हमाल

(शिळ्या पावावरची बुरशी आपण फेकून देतो. पण त्या बुरशीच्या बारीक धाग्यात रात्रंदिवस सामानाची ने-आण चालू असते. ही वाहतूक कशी चालते आणि तिचा अभ्यास करताना माणसाच्या मेंदूच्या एका आजाराचे कोडे कसे उलगडले, हे या पाठात सांगितले आहे.)

पावसाळ्याचे दिवस असतात. डब्यात पावाचा एखादा तुकडा राहून जातो. तीन-चार दिवसांनी डबा उघडावा, तर पावावर पांढरा कापूस उगवलेला दिसतो. आणखी एक-दोन दिवसांनी त्या कापसावर हिरवी किंवा काळी पूड दिसू लागते. अम्मी म्हणते, "पावाला बुरशी आली. फेकून दे तो." आपण तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि हात धुतो.

उर्दूत जिला फफूंद म्हणतात, तीच ही बुरशी. ती पावावर येते, लोणच्यावर येते, चामड्याच्या चपलांवर येते, ओल आलेल्या भिंतीवरही येते. तिची ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. ते हवेत तरंगत सगळीकडे जातात. म्हणून बुरशी आलेला पदार्थ नाकाजवळ नेऊन हुंगू नये.

बुरशी फेकून देणे योग्यच आहे. पण फेकण्यापूर्वी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचा एक कण पाहिला, तर आपण थक्क होऊ. दुरून कापसासारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे बारीक, पारदर्शक धाग्यांचे जाळे असते. या धाग्याला कवकतंतू म्हणतात. हा तंतू आपल्या केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतो. एका मिलिमीटरचे हजार समान भाग केले, तर त्यातील एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. कित्येक कवकतंतूंची जाडी अवघी तीन-चार मायक्रोमीटर असते.

एवढ्याशा या धाग्यात एक अडचण दडलेली आहे. ती आधी समजून घेऊ.

आपण लहानाचे मोठे होतो, तेव्हा आपले सारे शरीर वाढते. कवकतंतू तसा वाढत नाही. तो फक्त टोकाशी वाढतो. मागचा भाग जसाच्या तसा राहतो आणि टोक मात्र पुढे पुढे सरकत जाते. बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. तिचे टोक पावात शिरते आणि तेथे पाचक रस सोडते. त्या रसामुळे पावातील पिष्ट शरीराबाहेरच विरघळते. मग ते विरघळलेले अन्न तंतू शोषून घेतो. आपण जेवून मग पचवतो, बुरशी आधी पचवते आणि मग जेवते.

म्हणजे टोकाशी दोन गोष्टींची सतत गरज असते. एक, नवी भिंत बांधण्याचे सामान आणि दुसरी, बाहेर सोडायचे पाचक रस. हे सामान तयार होते ते मात्र बरेचसे तंतूच्या मागच्या भागात. ते टोकापर्यंत पोहोचायचे कसे?

तुम्ही म्हणाल, पेशीच्या आत द्रव असतो, त्यात ते सामान आपोआप पसरत जाईल. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली की वास हळूहळू सगळीकडे पसरतो, तसे. छोट्या कणांच्या बाबतीत आणि थोड्या अंतरासाठी हे खरे आहे. पण आपोआप पसरण्याचा एक विचित्र नियम आहे. अंतर दहापट झाले, तर लागणारा वेळ दहापट होत नाही, तो शंभरपट होतो. शिवाय पेशीतील द्रव म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. त्यात असंख्य लहानमोठ्या वस्तूंची दाटी असते. ईदच्या आदल्या संध्याकाळी बाजारात जशी गर्दी असते, तशीच म्हणा ना! अशा गर्दीत वाट न पाहता सामान वेळेवर पोहोचवायचे असेल, तर रस्ता हवा आणि हमालही हवा.

बुरशीच्या पेशीत हे दोन्ही असतात.

आधी रस्ता पाहू. कवकतंतूच्या आत, लांबीच्या दिशेने, अतिशय बारीक पोकळ नळ्या पसरलेल्या असतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. एका सूक्ष्मनलिकेची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. अशा ४०,००० नळ्या एकमेकींना चिकटवून शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोठे त्यांची रुंदी एक मिलिमीटर भरेल!

ही नळी ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. विटेवर वीट रचून भिंत उभी राहते, तशी ट्युब्युलिनची एकेक वीट जोडली जाऊन ही नळी तयार होते. विटांच्या साधारणपणे १३ रांगा गोलाकार उभ्या राहिल्या की मधे पोकळी राहते. पण आपल्या घराची भिंत आणि ही नळी यांत एक फरक आहे. घराची भिंत एकदा बांधली की उभी राहते. सूक्ष्मनलिका मात्र वाढते, थांबते, झरझर कमी होते आणि पुन्हा वाढू लागते. पेशीला जेथे रस्ता हवा असेल, तेथे तो तयार होतो.

या रस्त्याची दोन्ही टोके सारखी नसतात. सगळ्या विटा एकाच बाजूला तोंड करून बसवलेल्या असतात. त्यामुळे नळीच्या एका टोकाला धन टोक आणि दुसऱ्याला ऋण टोक म्हणतात. धन टोकाशी नळी अधिक वेगाने वाढते. कवकतंतूच्या पुढच्या भागात बहुतेक नळ्यांचे धन टोक तंतूच्या टोकाकडे असते. हे लक्षात ठेवा, कारण हमाल याच खुणेवरून दिशा ओळखतात.

आता हमालांची ओळख करून घेऊ. ते दोन प्रकारचे आहेत. एकाचे नाव कायनेसिन, दुसऱ्याचे डायनिन. दोन्ही प्रथिनेच आहेत.

कायनेसिनचा शोध १९८५ साली अमेरिकेत लागला. रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ हे शास्त्रज्ञ माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूचा अभ्यास करत होते. तो मज्जातंतू खूप जाड असतो, म्हणून अभ्यासाला सोयीचा. त्यात सामान इकडून तिकडे नेणारे जे प्रथिन सापडले, ते कायनेसिन. पुढे बुरशीतही कायनेसिन सापडले.

नेहमीच्या कायनेसिनला दोन पाय असतात, असे म्हटले तरी चालेल. दुसऱ्या बाजूला तो सामान धरतो. एक पाय नळीवर घट्ट टेकलेला असताना दुसरा पुढे पडतो. मग मागचा पाय उचलला जातो. असा तो पाऊल टाकत चालतो. त्याचे एक पाऊल आठ नॅनोमीटरचे असते. प्रत्येक पावलासाठी तो एटीपी नावाच्या रेणूचा एक दाणा खर्च करतो. एटीपी हे पेशीचे इंधन आहे. आपण खाल्लेली भाकरी शेवटी याच इंधनाच्या रूपाने आपल्या पेशींना मिळते.

पाऊल लहान असले, तरी हमाल आळशी नाही. न्यूरोस्पोरा नावाची एक नारिंगी रंगाची बुरशी पावावर येते. तिचा कायनेसिन सेकंदाला दोन मायक्रोमीटरहून अधिक अंतर जातो. हिशेब करून पाहा. सेकंदाला अडीचशेच्या आसपास पावले झाली! प्राण्यांच्या पेशीतील अशाच कायनेसिनपेक्षा तो बराच वेगवान आहे. ज्याचे सारे जीवन पुढे सरकणाऱ्या टोकावर अवलंबून आहे, त्याला चपळ हमाल हवेतच.

कायनेसिनचे बहुतेक प्रकार धन टोकाकडे, म्हणजे कवकतंतूच्या टोकाकडे चालतात. भिंतीचे सामान आणि पाचक रस लहान लहान पिशव्यांत भरलेले असतात. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. कायनेसिन त्या पुटिका टोकाजवळ आणतो. अगदी शेवटच्या टप्प्यावर मात्र सूक्ष्मनलिका सोडून ॲक्टिन नावाच्या आणखी बारीक धाग्यांवरून प्रवास होतो आणि तेथे मायोसिन नावाचा वेगळा हमाल कामाला येतो. रेल्वेने गावापर्यंत यावे आणि स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षाने जावे, तसेच हे. टोकाशी पोहोचल्यावर पुटिका पेशीच्या आवरणाला मिळते आणि तिच्यातील सामान बाहेर पडते. तंतू तेवढा पुढे सरकतो.

पण वाहतूक एकाच दिशेने चालली तर काय होईल? एखाद्या स्टेशनवर गाड्या नुसत्या येत राहिल्या आणि एकही परत गेली नाही, तर सारे स्टेशन तुंबून जाईल. तंतूच्या टोकाशीही तेच होईल. म्हणून परत नेणारा हमाल हवा. तो म्हणजे डायनिन. डायनिन ऋण टोकाकडे, म्हणजे तंतूच्या टोकापासून मागे चालतो. टोकाजवळ बाहेरचे काही पदार्थ आत घेतले जातात. ते ज्या पिशव्यांतून येतात, त्या पिशव्या डायनिन आत नेतो. मक्याच्या कणसावर काळी काजळी आणणारी एक बुरशी असते. तिच्या तंतूत अशा पिशव्या एकाच नळीवरून पुढे आणि मागे धावताना शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. पुढे नेतो कायनेसिन, मागे आणतो डायनिन.

आता एक गमतीचा प्रश्न. डायनिनला जर मागेच चालता येते, तर तो टोकापर्यंत पोहोचतो कसा? उत्तर असे की कायनेसिनच त्याला घेऊन येतो. जाताना एका हमालाने दुसऱ्याला उचलून न्यावे आणि येताना त्या दुसऱ्याने ओझे आणावे, असा हा प्रकार आहे. एकाशिवाय दुसऱ्याचे काम होत नाही.

काही सामान तर हमालाला धरतसुद्धा नाही. पेशीतील पेरॉक्सिसोम नावाचे कण धावत्या पिशवीला चिकटतात आणि तिच्याबरोबर प्रवास करतात. जणू चालत्या ट्रकच्या मागे सायकलवाल्याने हात धरावा, तसे. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत हे २०१६ साली दाखवण्यात आले. (सायकलवाल्याने असे कधीही करू नये. बुरशीतील कणांना ते चालते!)

या ॲस्परजिलस निड्युलन्सचे नाव आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे. ही मातीत राहणारी, हिरवट बीजाणूंची एक साधी बुरशी आहे. ती प्रयोगशाळेत बशीमध्ये सहज वाढते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी ती वापरली जाऊ लागली.

या बुरशीचा गोल बीजाणू रुजतो, तेव्हा त्यातून एक तंतू बाहेर पडतो. बीजाणूत एक केंद्रक असते. केंद्रक म्हणजे पेशीच्या साऱ्या सूचनांचे भांडार. तंतू वाढू लागला की केंद्रकाची दोन होतात, दोनांची चार, चारांची आठ. ही केंद्रके एका जागी राहत नाहीत. ती तंतूत पुढे सरकतात आणि एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर थांबतात. रस्त्यावर ठरावीक अंतराने दिव्याचे खांब असावेत, तशी ती दिसतात. तंतूच्या प्रत्येक भागाला सूचना मिळायला हव्यात, म्हणून ही व्यवस्था.

केंद्रकांना कोण हलवते? हा प्रश्न रोनाल्ड मॉरिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला पडला. १९७५ च्या सुमारास त्याने एक युक्ती केली. बुरशीच्या जनुकांत बदल घडवून आणायचा आणि मग कोणाचे काय बिघडले ते शोधायचे. यंत्र कसे चालते ते कळत नसेल, तर त्याचा एकेक भाग काढून पाहावा, तसा हा विचार होता. पण बुरशीचा महत्त्वाचा भाग बिघडला, तर ती मरूनच जाईल. मग अभ्यास कशाचा करायचा? म्हणून त्याने अशा बुरशी निवडल्या की ज्या ३२ अंश सेल्सियस तापमानात ठीक वाढतात आणि ४२ अंशांच्या आसपास नेल्या की ज्यांचे काम बिघडते.

अशा कित्येक बुरशी तपासताना त्याला काही वेगळ्याच बुरशी मिळाल्या. त्यांचे बीजाणू रुजत होते, तंतू बाहेर येत होता, केंद्रकांची दोनाची चारही होत होती. पण ती सारी केंद्रके बीजाणूजवळ एका गठ्ठ्यात अडकून पडत होती. पुढचा तंतू केंद्रकांविना रिकामा! अशा बुरशीची बशीतली वाढ अगदी खुरटी होई. 'केंद्रकांची वाटणी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील अक्षरे घेऊन मॉरिसने या बिघडलेल्या जनुकांना 'एनयूडी' असे नाव दिले.

दरम्यान रस्त्याचाही शोध चालू होता. बेनोमिल नावाचे एक बुरशीनाशक पिकांवर फवारले जात असे. ते बुरशीला मारते कसे? १९७८ साली मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या बुरशीवर बेनोमिलचा परिणाम होत नाही, तिच्या ट्युब्युलिनमध्ये बदल झालेला असतो. म्हणजे बेनोमिलचा घाव ट्युब्युलिनवर, त्या विटांवरच पडत होता. १९८० साली आणखी एक गोष्ट कळली. ट्युब्युलिनमध्ये दोष असला, तर केंद्रकेही जागची हलत नाहीत. म्हणजे केंद्रकांच्या प्रवासालाही सूक्ष्मनलिका लागतात. रस्ता सापडला होता. हमाल मात्र अजून सापडायचा होता.

त्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. मॉरिसच्या प्रयोगशाळेत शिन शियांग आणि सहकाऱ्यांनी 'एनयूडी-ए' हे जनुक वाचून काढले. ते जनुक डायनिनचे निघाले. डायनिन बिघडला, म्हणून केंद्रके अडकली होती.

येथे तुमच्यापैकी एखादी हुशार विद्यार्थिनी हात वर करील आणि विचारील, "सर, डायनिन तर टोकापासून मागे चालतो. मग त्याच्यामुळे केंद्रके पुढे कशी सरकतात?" प्रश्न अगदी बरोबर आहे. केंद्रक ही हमालाच्या डोक्यावर मावेल अशी वस्तू नाही. प्रत्येक केंद्रकापासून सूक्ष्मनलिका निघालेल्या असतात. शास्त्रज्ञांचे मत असे की काही डायनिन पेशीच्या कडेला पक्के बसतात आणि तेथूनच ती नळी धरून पावले टाकतात. विहिरीच्या काठावर उभे राहून आपण दोर ओढतो, तेव्हा आपण जागेवरच असतो आणि बादली आपल्याकडे येते. येथेही तसेच होते. डायनिन जागेवर राहतो, नळी ओढली जाते आणि तिच्याबरोबर केंद्रक सरकते.

आतापर्यंतची गोष्ट बुरशीची होती. १९९५ साली ती गोष्ट माणसाच्या घरात आली.

जगात काही थोडी बाळे अशी जन्मतात की त्यांचा मेंदू गुळगुळीत असतो. आपल्या मेंदूवर अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या असतात. या बाळांच्या मेंदूवर त्या नसतात किंवा फारच थोड्या असतात. या आजाराला लिसेनसेफली म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थच 'गुळगुळीत मेंदू' असा होतो. अशा मुलांना वारंवार आकडी येते. मान धरणे, बसणे, बोलणे या साध्या गोष्टीही त्यांना फार उशिरा जमतात, काहींना कधीच जमत नाहीत. त्यांचे आईवडील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, "आमच्या बाळाला असे का झाले?"

१९९३ साली शास्त्रज्ञांना या आजाराशी जोडलेले एक जनुक सापडले. त्याचे नाव लिस-१. आपल्या प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी एक प्रत नसली किंवा बिघडली, तरी हा आजार होतो. पण लिस-१ पेशीमध्ये नेमके करते काय, हे त्या वेळी स्पष्ट नव्हते. नाव मिळाले होते, काम माहीत नव्हते.

दोनच वर्षांनी बुरशीचे 'एनयूडी-एफ' हे जनुक वाचले गेले. ज्या जनुकांच्या बिघाडामुळे केंद्रके गठ्ठ्यात अडकून पडत होती, त्यांपैकीच हे एक. ते वाचून शास्त्रज्ञ चकित झाले. माणसाच्या लिस-१ शी ते खूपच जुळत होते! बुरशी आणि प्राणी यांच्या वाटा शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही आधी वेगळ्या झाल्या. तरीही दोघांच्या पेशीत तोच जुना सहायक काम करत होता.

मग मेंदूचे कोडे सुटू लागले. बाळ आईच्या पोटात असते, तेव्हा त्याच्या मेंदूच्या पेशी आतल्या भागात तयार होतात. तेथून त्या प्रवास करत बाहेरच्या थरापर्यंत जातात. पेशी आधी आपले पुढचे टोक लांबवते आणि मग आपले केंद्रक पुढे ओढून घेते. कवकतंतूत केंद्रक जसे सरकते, तसेच काहीसे. ओढण्याचे काम डायनिनचे आणि डायनिनला मदत लिस-१ ची. लिस-१ कमी पडले की केंद्रक मागे रेंगाळते, पेशी वेळेवर पोहोचत नाहीत आणि मेंदूचे थर नीट बसत नाहीत. मेंदू गुळगुळीत राहतो.

अलीकडच्या काही वर्षांत याहूनही पुढचे कळले आहे. काम नसते, तेव्हा डायनिन अंगाची घडी करून बसलेला असतो. लिस-१ त्याची घडी उलगडायला मदत करते. मग तो आपल्या जोडीदार प्रथिनांबरोबर कामाला लागतो. म्हणजे लिस-१ हा स्वतः ओझे वाहणारा हमाल नव्हे. झोपलेल्या हमालाला उठवणारा तो मुकादम आहे.

या आजारातून मुलाला पूर्ण बरे करील असे औषध अजून नाही. हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. पण आईवडिलांच्या "का झाले?" या प्रश्नाला आता उत्तर आहे. त्यांच्या बाळाच्या पेशींत कोणते काम अडले, हे डॉक्टर त्यांना सांगू शकतात. आपण काही चुकीचे खाल्ले का, आपल्या हातून काही पाप घडले का, अशा विचारांनी मनातल्या मनात झुरणाऱ्या आईला त्या उत्तराचा केवढा आधार वाटत असेल! आणि उपाय शोधायचा तर कोठून सुरुवात करायची, हेही आता ठाऊक आहे.

मॉरिसने बुरशीच्या बशा तपासायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्यासमोर बाळांचा मेंदू नव्हता. त्याच्यासमोर एक साधा प्रश्न होता. या धाग्यातील केंद्रके हलतात कशी? तो प्रश्न त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे सोडला नाही. कोणी त्याला विचारले असते, "बुरशी पाहून काय मिळणार?", तर त्याला तरी काय सांगता आले असते? उत्तर वीस वर्षांनी मिळाले आणि ते कोणाला सुचलेही नसेल अशा जागी मिळाले.

म्हणून पुढच्या वेळी पावावर बुरशी दिसली, तर तो पाव जरूर फेकून द्या. पण फेकताना क्षणभर थांबा. त्या पांढऱ्या धाग्यांत या क्षणीही अगणित हमाल आठ आठ नॅनोमीटरची पावले टाकत चालले आहेत. तसेच हमाल तुमच्या बोटांत, तुमच्या डोळ्यांत आणि हा पाठ समजून घेणाऱ्या तुमच्या मेंदूतही चालत आहेत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कवकतंतू कोठे वाढतो?
(आ) सूक्ष्मनलिका कोणत्या प्रथिनाची बनलेली असते?
(इ) कायनेसिनचे एक पाऊल किती नॅनोमीटरचे असते?
(ई) लिसेनसेफली या शब्दाचा अर्थ काय?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेशीतील सामान नुसते आपोआप पसरून टोकापर्यंत वेळेवर का पोहोचत नाही?
(आ) कायनेसिन आणि डायनिन यांच्या कामातील फरक सांगा.
(इ) मॉरिसने ३२ अंशांत वाढणाऱ्या आणि ४२ अंशांच्या आसपास बिघडणाऱ्या बुरशी का निवडल्या?

३. कारणे लिहा.
(अ) डायनिनला कायनेसिनची गरज लागते.
(आ) लिस-१ ला लेखकाने मुकादम म्हटले आहे.

४. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
तुंबणे, खुरटी, रेंगाळणे, आधार वाटणे.

५. 'ज्याचा उपयोग आज दिसत नाही, तेही शिकावे का?' या विषयावर दहा ओळी लिहा.